गरुडाच्या झाडाखालचा दगड

घटस्थापनेला चार दिवस उरले होते आणि मी कुंभारगल्लीत देवीच्या मूर्तीचे डोळे रेखत बसलो होतो. शाळेतली चित्रकलेची नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गणपतीला आणि नवरात्राला डोळ्यांसाठी मला अजून बोलावणं येतं. एक डोळा झाला होता, दुसऱ्याची वरची पापणी ओढून झाली होती, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. प्रज्ञाचा होता, दिनकरच्या मुलीचा. चार वर्षांत तिचा फोन आला नव्हता. "पेंटर काका, बाबा गेले," ती म्हणाली. "सकाळी आंघोळीला गेलते, तिथंच..." अर्धा डोळा टाकून उठायचं नसतं, अशी आमच्यात रीत आहे. मी तो डोळा पुरा केला. हात जरासुद्धा कापला नाही, याचं मला नंतर फार वाईट वाटलं. ब्रश धुतला, रिक्षा केली आणि चार वर्षांनी पहिल्यांदा दिनकरच्या दारात जाऊन उभा राहिलो.

स्मशानात मी मागं थांबलो. पुढं त्याचे भाऊबंद, ऑफिसातली जुनी माणसं, वस्तीतली पोरं होती, बुद्धवंदना चालू होती. आम्हा दोघांना ओळखणारे एक गृहस्थ मला म्हणाले, "पेंटर, तुम्ही मागं का? तुम्ही तर पायजे पुढं." मी गप्प बसलो म्हणून ते माझ्याकडं बघतच राहिले, कारण गप्प बसण्याबद्दल कोल्हापुरात माझी कधी ख्याती नाही. त्यांना द्यायचं उत्तर मी आज इथं लिहितोय. जरा लांबेल, पण आटोपशीर लिहायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी लपवीन.

दिनकर कांबळे पाटबंधारे खात्यात आरेखक होता. धरणांचे, कालव्यांचे, बुडीत जमिनींचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर काढायचे, हे त्याचं काम. आमची ओळख रंकाळ्यावर झाली. मी पोरांना घेऊन स्केचिंगला बसलो होतो आणि एक घार काढून दाखवत होतो. पाठीमागं एक सडपातळ माणूस येऊन थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि पोरांच्या देखत म्हणाला, "सर, शेपटी चुकली तुमची." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पावणं, तुम्ही काढा बघू." तो खाली बसला, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि दोन रेघांत शेपटी मधोमध चिरून दाखवली. "ही साधी घार. तुम्ही काढलेली गोल शेपटीची, ती तांबडी. ती बघा, पल्याड बसलीय." मी बघितलं, खरंच बसली होती. पोरं फिदीफिदी हसली. त्या दिवशी आम्ही मिसळ खाल्ली आणि पुढच्या रविवारपासून मी त्याच्याबरोबर हिंडायला लागलो. तो मला पेंटर म्हणायला लागला, मी त्याला दिनकर. अरे-तुरेवर यायला आम्हाला आठवडासुद्धा लागला नाही.

सव्वीस वर्षं आम्ही रविवार एकत्र काढले. सकाळची एसटी, राधानगरीच्या बाजूचं कुठलंतरी पाणी, दुपारी डब्यातली भाकरी आणि संध्याकाळी परत. मी बोलायचो, तो बघायचा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, त्यामुळं एखादा दुर्मीळ पक्षी दिसला तर तो मला आधी शपथ घालायचा. "पेंटर, पेपरात द्यायचं न्हाई. शाळंत सांगायचं न्हाई. बायकोला सांगितलंस तर चालंल, पण तिला बी पत्ता सांगायचा न्हाई." ज्या पाखराचा पत्ता चारजणांना कळला त्याचं घर मोडलं, असं तो म्हणायचा. त्यानं पाहिलेली अशी दोन-तीन घरटी मला आठवतात. तशा एका रविवारी, जलाशयाच्या फुगवट्याच्या शेवटाला, जिथं पाणी रानात शिरून संथ होतं, तिथं बांधावरच्या उंच रायवळ आंब्यावर आम्हाला तो दिसला. दिनकरनं दुर्बीण खाली घेतली, पुन्हा लावली आणि माझा दंड इतका आवळला की वळ उठला. "मत्स्यगरुड," तो एवढंच म्हणाला.

गावातली माणसं त्याला नुसती घार म्हणत. राखी डोकं, तपकिरी छाती, पोट आणि मांड्या धुतल्यासारख्या पांढऱ्या, शेपटीही पांढरी पण टोकाला काळी पट्टी. दिवसभर करतो काय, तर बसतो. पाण्यावर आलेल्या फांदीवर दोन दोन तास मान न हलवता बसतो. मासा वर आला की तिरका उतरतो, पाण्याला पाय टेकतात न टेकतात तोवर मासा उचललेला असतो आणि हा परत आपल्या फांदीवर. तळपायाला बारीक काटे असतात, त्यामुळं बुळबुळीत मासासुद्धा सुटत नाही. घरटं वर्षानुवर्षं एकाच झाडावर. दिवाळी झाली की नर-मादी दोघं नव्या काटक्या आणून जुन्यावर रचणार, आत ओला हिरवा पाला अंथरणार, आणि मग आळीपाळीनं अंड्यांवर बसणार. आमच्या आंब्यावरचं घरटं गाडीच्या चाकाएवढं झालं होतं. आवाज मात्र गरुडाला शोभणारा नाही, रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी ओरडावं तसा. सकाळी तो आवाज पाण्यावरून आला की दिनकर डोळे मिटून ऐकायचा. नाहीतर मला चिडवायचा, "बघ पेंटर, ह्येला गप्प बसायचं कळतंय. तुला कवा कळणार?"

नऊ वर्षं आम्ही ती जोडी बघितली. या नऊ वर्षांत दिनकरची पत्नी वारली, तो निवृत्त झाला, मी निवृत्त झालो. गरुडाची सात पिल्लं उडताना आम्ही बघितली, हे त्याला तोंडपाठ होतं. दहाव्या वर्षी फेब्रुवारीत गेलो तर आंब्याच्या बुंध्याला चुन्याचा पांढरा पट्टा. वर घरट्यात कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू. झाड शिवातात्याच्या बांधावरचं. तात्या सत्तरीचा, मोठ्या आवाजाचा, मनानं वाईट नव्हे. आम्ही विचारलं तसं तो म्हणाला, "इकलंय की. सावली पडतीया, भात पिकत न्हाई खाली. शिमगा झाला की येणार हायती तोडाय." दिनकरनं त्याला हात जोडले. वर पिल्लू हाय, दोन महिने थांबा, म्हणाला. तात्या हसला. "पावणं, घारीसाठनं झाड ठेवू व्हय? उद्या कावळ्यासाठनं म्हणशीला."

दिनकरनं अर्ज केले. त्याच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, नकाशासकट. पण झाड मालकीचं होतं, परवानगी रीतसर घेतलेली होती, आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत शिमगा होऊन जाणार हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं. परतीच्या गाडीत मी त्याला म्हटलं, "दिनकर, एक दगड ठेवूया झाडाखाली. शेंदूर फासूया. कुणाची छाती हाय मग कुऱ्हाड घालायची?" मला वाटलं तो हसेल. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "माझा बा ह्याच भोगावतीच्या काठचा. छप्पन साली देव्हाऱ्यातलं सगळं बुट्टीत भरून त्यानं नदीत सोडलं. आज्जी तीन दिवस जेवली न्हाई, पर त्यो मागं फिरला न्हाई. माझा तवा जलम बी न्हवता. पण मी जे काय शिकलो, नोकरीला लागलो, ते त्या बुट्टीमुळं. आणि त्यानं पाण्यात सोडलं ते मी त्याच पाण्याच्या काठाला मांडू? न्हाई पेंटर. झाड गेलं तर जाऊ दे." त्याच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा होत्या, मी त्या पन्नासदा बघितल्या होत्या. मी म्हटलं, बरं, राहिलं. आणि मनात म्हटलं, तू नको मांडूस, मी मांडतो.

सोमवारी मी एकटाच गेलो. पिशवीत शेंदूर, तेलाची बाटली, नारळ, लिंबू आणि माझे दोन ब्रश. पाणी ओसरून तलावाचा तळ उघडा पडला होता, तिथला एक बरासा दगड उचलला आणि बुंध्याला टेकवून मांडला. शेंदूर फासला. एवढ्यावर उठलो असतो तर कदाचित पुढचं काही झालंही नसतं. पण मी पडलो डोळे काढणारा माणूस. शेंदरी दगड नुसता दिसतोय, त्यात जीव नाही, असं वाटायला लागलं. वर मादी घरट्याच्या काठावर उभी राहून माझ्याकडं बघत होती, रागानं, मान तिरकी करून. मी उकिडवा बसलो आणि अर्धा तास लावून तिची ती नजर रुपेरी आणि काळ्या रंगात दगडावर उतरवली. झाल्यावर लांब जाऊन बघितलं. आयुष्यात मी काढलेले सगळ्यात चांगले डोळे होते ते. कुठूनही बघा, दगड आपल्याकडंच बघतोय असं वाटायचं. मी खुशीत चारच्या गाडीनं परत आलो आणि आठ दिवस, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, कुणालाही काही बोललो नाही.

तोडणारे आले, दगड बघितला आणि करवत न उतरवता परत गेले. ज्यानं झाड विकलं त्या शिवातात्यानंच नारळ फोडला. वर गावाला सांगायला लागला, "आमच्या आज्याच्या वक्ताला हितं कायतरी हुतं म्हणत्यात. मधी इसरलं लोक." पुढच्या रविवारी दिनकर आणि मी गेलो. मी तयारीत होतो, चेहरा अगदी भोळा ठेवला होता. दिनकर झाडाकडं गेला, दगडापुढं उभा राहिला. बराच वेळ. मग वर घरट्याकडं बघितलं, पुन्हा दगडाकडं. "डोळे तुझं हायेत," तो म्हणाला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "पेंटर, पंचवीस वर्षं तुझी चित्रं बघतोय." आणि काठावर जाऊन दुर्बीण लावून बसला. त्या दिवशी मी किती बोललो आणि काय बोललो, मला आठवत नाही. त्यानं दुर्बीण खाली घेतली नाही.

एप्रिलमध्ये पिल्लू उडालं. उडालं म्हणजे आधी फांदीवर चार दिवस पंख झाडत राहिलं, त्या दिवसांत आम्ही रोज जायचो, आई समोरच्या झाडावर मासा घेऊन बसायची, दाखवायची आणि द्यायची नाही. पाचव्या दिवशी भूक अनावर झाली आणि ते निघालं. मध्येच पाण्याकडं खचलं, मग पंख सापडले आणि ते आईच्या फांदीवर जाऊन कसंबसं लटकलं. दिनकरच्या डोळ्यांत पाणी होतं. पुसत तो म्हणाला, "पोर वाचलं. तू वाचवलंस. ते काय मी नाकारत न्हाई." मी फुगलो. लगेच पुढं म्हणाला, "आता तो दगड उचल." मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे की मर्दा, पुढल्या वर्षी बी झाड वाचंल." तो म्हणाला, "दोन नारळ आलेत तवर उचल. तू ठेवलायस, तूच उचलायचा. मी हात लावला तर गावात माझं काय हुईल, तुला म्हाईत हाय."

हे वाक्य मी त्या वेळी ऐकलं आणि कानामागं टाकलं. आता रोज ऐकू येतं. मी पेंटर, वरच्या आळीतला, मास्तर. मी तो दगड उचलून पाण्यात टाकला असता तर चार शिव्या बसल्या असत्या, तात्यानं फारतर महिनाभर तोंड फिरवलं असतं. दिनकरनं उचलला असता तर काय झालं असतं, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. म्हणजे तो दगड हलवणं एकट्या माझ्याच हातात होतं. आणि मी हलवला नाही. झाडासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण हे की ते डोळे पाण्यात टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं. लोक त्यापुढं हात जोडून उभे राहतात, ते बघायला मला आवडत होतं. आयुष्यभर शाळेत पोरांकडून चेंडूची आणि पेरूची चित्रं काढून घेतली, त्या माणसाला एवढी गर्दी कुठं मिळणार होती... हे दिनकरनं ओळखलं होतं. मी ओळखलं नव्हतं.

दिवाळीनंतर गेलो तर दगडावर पत्र्याची शेड, झेंडा आणि पितळी घंटा. अमावस्येला कोंबडं कापायची पद्धत पडली होती. झाडाखालीच तीन दगडांच्या चुली मांडायचे आणि धूर सरळ वर घरट्यात. गरुडांची जोडी आली. त्यांनी काटक्या आणल्या, रचल्या, खाली माणसं बघून उडून गेली, परत आली. तीन रविवार हेच चाललं. चौथ्या रविवारी कुणीतरी नवस फेडायला कर्णा लावला होता. मादी हिरवा पाला पायात धरून पाण्यावर घिरट्या घालत राहिली, उतरायला धजेना. शेवटी तिनं तो पाला पाण्यात सोडला आणि दोघं डोंगराच्या अंगानं निघून गेली. पुढच्या रविवारी आली नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. घंटा वाजत राहिली. दिनकर संध्याकाळपर्यंत दुर्बीण लावून बसायचा आणि मी त्याच्या पाठीकडं बघत बसायचो.

मग मी धावलो. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. दगड उचलायला गेलो तर तो सिमेंटच्या चौथऱ्यात बसवलेला. मी शिवातात्याला बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. "तात्या, ह्यो देव न्हवं. ह्यो दगड मी ठेवलाय. डोळं मी काढल्यात. शेंदूर आमच्या मंडईतला हाय." तात्यानं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असंल की. तुमच्या हातनं करून घेतलं त्येनं." वर मला प्रसादाचं खोबरं दिलं. मी ते हातात घेऊन उभा राहिलो. दिनकर लांबून बघत होता.

त्या दिवशी स्टँडवर उतरल्यावर तो म्हणाला, "फुडच्या रविवारी मी येत न्हाई." भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी आवाज चढवला असता, त्यानं दोन शब्द सुनावले असते आणि महिन्याभरात मिसळ खाताना सगळं मिटलं असतं. पण तो भांडलाच नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी आला नाही, आणि मीही, माझं नाक वर, गेलो नाही विचारायला. बघता बघता चार वर्षं गेली. मध्ये एकदा थंडीत कुणालातरी गाडीत बसवून द्यायला मी सकाळी स्टँडवर गेलो होतो, तर एका एसटीच्या खिडकीत दिनकर, मांडीवर त्याची ती दुर्बिणीची रेग्झिनची पिशवी. त्यानं मला बघितलं. हात वर केला नाही, पण मानही फिरवली नाही. गाडी फलाटावरून मागं सरेपर्यंत आम्ही एकमेकांकडं बघत होतो. एवढीच आमची शेवटची भेट. तो अजून जातोय, आणि तसा जातोय म्हणजे त्याला ती जोडी पुन्हा सापडलीय, हे मला तिथंच कळलं. आणि मी धावत जाऊन गाडीत चढलो नाही.

गेल्या महिन्यात प्रज्ञानं मला घरी बोलावलं. ती एका प्रयोगशाळेत काम करते, वडिलांसारखीच कमी बोलणारी. भाकऱ्या करत होती, म्हणून स्वयंपाकघरातच खुर्ची दिली. टेबलावर दिनकरची पिशवी आणि पितळेच्या डब्यात थोडी रक्षा. "काका, बाबा चार वर्षं कुठं जायचे मला माहीत नाही," ती म्हणाली. "विचारलं की म्हणायचे, माशे बघाय. पण तिथं त्यांना बरं वाटायचं. येताना चेहरा वेगळा असायचा. मला ही रक्षा तिथं झाडाखाली ठेवायचीय आणि एक छोटी फरशी बसवायचीय. नाव आणि त्यांचं एक वाक्य, एवढंच." तिनं पिशवीच्या कप्प्यातून एसटीची तिकिटं काढली, रबर लावलेली. मशीनमधून निघणारी ती पातळ तिकिटं, बहुतेकांवरची अक्षरं उडून कोरी झालेली. वरची पाच-सात मात्र याच उन्हाळ्यातली, अजून वाचता येणारी होती. "ह्यावर गावाचं नाव आहे. तुम्ही मला तिथं न्या. ते पाखरू मला ओळखू येणार नाही, तुम्हाला येईल." मग भाकरी उलटताना म्हणाली, "मी त्यांना कितीदा विचारलं, पेंटर काका का येत नाहीत. ते म्हणायचे, त्याला काम असतंय."

त्याला काम असतंय. चार वर्षं त्यानं पोटच्या पोरीजवळसुद्धा माझं पाप उघडं केलं नव्हतं. मी तिथं, त्या खुर्चीत, रडलो. मोठ्यानं, लाज न बाळगता. आणि मग तिला सगळं सांगितलं. चुन्याचा पट्टा, शेंदूर, डोळे, दिनकरनं मागितलेली ती एक गोष्ट, पाण्यात सोडलेला पाला. तिला म्हटलं, "प्रज्ञा, तुझा बाप हाय, तुझा हक्क हाय. तू म्हणशील तर उद्या नेतो. पण मी एकदा झाडाखाली दगड ठेवलाय बाळ. तू फरशी बसवशील. फुडच्या वर्षी कुणीतरी फुलं वाहील, मग कट्टा हुईल, मग त्यांच्या पुण्यतिथीला पन्नास माणसं जातील, चांगल्या मनानं जातील..."

तव्यावरची भाकरी काढून तिनं दुरडीत ठेवली. मग विचारलं, "तो दगड अजून आहे?" मी म्हटलं, "हाय. आता देऊळ हाय." तिनं तिकिटांचं रबर काढलं, सगळी तिकिटं एकदम त्या तापल्या तव्यावर पसरली. हा कागद गरम झाला की काळा पडतो, हे मला माहीत नव्हतं, तिला असावं. बघता बघता काठाकडून काळं सरकत आलं आणि नाव, तारीख, सगळं त्यात बुडालं. चिमट्यानं तिनं ते काळे कागद उचलून टोपलीत टाकले, फडक्यानं तवा पुसला आणि पुढची भाकरी थापायला घेतली. रक्षा आम्ही दोघांनी दारातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी घातली. तिथं फरशी नाही, नाव नाही. जेवताना ती म्हणाली, "बाबांना चाललं असतं." मी मान हलवली.

आता जे लिहितोय ते प्रज्ञालाही सांगितलेलं नाही, तीही आज इथंच वाचेल. ती तिकिटं टेबलावर ठेवत होती तेव्हा माझा चष्मा डोळ्यांवरच होता. सगळ्यात वरचं तिकीट मी वाचलं. गाव मला माहीत आहे. गाडी माहीत आहे, ती सकाळी सव्वासहाला सुटते. तिथं पाणी कुठं वळतं आणि उंच झाडं कुठल्या अंगाला आहेत, हे मी डोळे मिटून सांगेन. दिवाळी झाली, म्हणजे त्यांनी काटक्या आणायला सुरुवात केली असणार, सकाळी तो घागरीतला आवाज पाण्यावर घुमत असणार. मला ते पाखरू एकदा बघायचंय. एकदाच, लांबून, तोंड बंद ठेवून. दिनकर ज्या दगडावर बसत असेल तिथं बसायचंय. आणि मला हेही माहीत आहे की मी एकदा गेलो की दुसऱ्यांदा जाईन, आणि तिसऱ्यांदा कुणालातरी घेऊन जाईन.

रविवारी पाचलाच जाग येते. आंघोळ करतो, शर्ट घालतो, डबा तेवढा भरत नाही. दारातल्या खुर्चीत चपला घालून बसतो. घड्याळात सव्वासहा होतात. गाडी कधी उशिरा सुटते, म्हणून आणखी दहा मिनिटं बसतो. मग पायातल्या चपला काढतो आणि आत जातो.